लहर त्यांची, कान आमचे!



मुंबईचा रेडिओ कुणाचा? ऐकणाऱ्याचा, असं तुम्ही म्हणाल. मग त्याचा साचा आजवर कितीदा बदलला, आणि त्यातल्या एका वेळेला तरी ऐकणाऱ्याला कुणी विचारलं, ते सांगा!

२३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्र सुरू झालं. धनी खाजगी कंपनी. १९३० साली कंपनीचं दिवाळं वाजलं आणि केंद्र सरकारच्या हाती गेलं. १९३६ साली पाटी बदलली, ऑल इंडिया रेडिओ झाला. पुढं स्वराज्य आलं. १९५२ साली केसकर मंत्री झाले. सिनेमाची गाणी हलकी, असं त्यांनी ठरवलं आणि त्यांना कात्री लावली. लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, खटका फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला! घरची चूल विझवली, लोक शेजारी जेवायला गेले. तेव्हा कुठं ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती निघाली. म्हणजे शहाणपण दिल्लीला सुचलं नाही, ते ऐकणाऱ्यानं शिकवलं.

१ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती आल्या. १९९३ साली एफ.एम.वरचा वेळ खाजगी कंपन्यांना विकला. ज्याच्या गाठीला पैका, त्याचा आवाज मोठा!

हिंदी गाण्याशी आमचं वैर नाही. आम्हीही ते गुणगुणतो. पण याच मुंबई केंद्रावर 'कामगार सभा' होती. त्या वेळेला चाळीत रेडिओ लागायचा आणि कामगाराला वाटायचं, हे आपल्याशी बोलतायत. जाहिरातदाराला असली सभा कशाला हवी? कामगार साबण विकत घेईल एवढंच त्याला पुरे!

आता म्हणतात, जमाना बदलला, मोबाइलवर ऐका. वा रे न्याय! मोबाइलला पैसे भरावे लागतात. एफ.एम.ची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की थबकते. मध्यम लहर जमिनीला धरून घाट उतरते, रात्री तर कोसन्‌कोस जाते. दोन सेलवरचा रेडिओ, आणि खोपटात मराठी बोल! ही लहर गरिबाची आहे, म्हणून तिच्याकडे जुनं भांडं म्हणून बघू नका.

ओरडून काही होत नाही, असं म्हणू नका. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करायचं ठरलं. लोक खवळले, आणि निर्णयाला स्थगिती द्यावी लागली!

गिरणीत साचे वाढवायचे तर युनियनला विचारा, म्हणून आपण लढलो. रेडिओचा साचा बदलताना ऐकणाऱ्याला विचारा, हीही तीच मागणी. केंद्राच्या कारभारात श्रोत्यांचे प्रतिनिधी घ्या. कामगाराच्या वेळेला मराठी कार्यक्रम द्या. मध्यम लहरीला हात लावण्याआधी जाहीर सभेत जाब द्या.

बंधूंनो, कान आपले आहेत. आता तोंडही उघडा!