औषधाची दुसरी बाजू कोणी सांगायची?



घरातली औषधाची एखादी गोळी हातात घेऊन पाहा. ती पोटात गेली, रक्तात मिसळली, की शरीरभर फिरते. दुखतो तो गुडघा. पण गोळीला गुडघ्याचा पत्ता कुठे ठाऊक असतो? ती जिथे जिथे पोचते, तिथे तिथे काही ना काही करीत जाते. त्यातले आपल्याला हवे ते झाले तर आपण म्हणतो, 'गुण आला.' नको ते झाले तर म्हणतो, 'दुष्परिणाम झाला.' औषधाच्या दृष्टीने दोन्ही परिणामच! म्हणून दुष्परिणाम सांगणे ही औषधाची निंदा नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे, असे माझे मत आहे. ते पटावे म्हणून मी एक अवघड उदाहरण घेतो: पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांचे.

कण्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. प्रौढ माणसात तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो. मेंदूचे हुकूम खाली जातात आणि शरीराच्या तक्रारी वर येतात, त्या याच वाटेने. झाडावरून पडून किंवा रस्त्यावरच्या अपघातात ही वाट तुटली, की पाय हलत नाहीत आणि पायांना काय होते आहे तेही नीट कळत नाही. पण गोष्ट इथेच संपत नाही. इजेच्या खालचा मज्जारज्जू पुष्कळदा जिवंत असतो. मेंदूचा लगाम सुटल्यामुळे तो मनमानी करू लागतो. मग पायांचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, मध्येच झटके येतात.

यावर दिल्या जाणाऱ्या एका औषधाचे नाव आहे बॅक्लोफेन. १९६२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत ते तयार झाले, ते अपस्मारावरचा, म्हणजे फेफऱ्यावरचा, उपाय म्हणून. तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण स्नायूंचा ताठपणा मात्र त्याने कमी होतो, असे आढळले. मज्जारज्जूतील चेतापेशींची अतिरिक्त चळवळ ते शांत करते. अर्थात ते मेंदूतही पोचते आणि झोप आणते. किती जणांना? औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात शंभरांपैकी १० ते ६३ जणांना, असा आकडा आहे. केवढी ही तफावत! आपला रुग्ण त्या १० ते ६३ जणांत आहे की नाही, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते रुग्णच सांगू शकतो.

आता कल्पना करा. एक तरुण आपल्या ताठ झालेल्या पायांवरच भार देऊन खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकायला शिकला आहे. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पुढच्या भेटीत त्यांनी त्याचा गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "छान! पाय सैल झाले." इकडे घरी तो तरुण खुर्चीत सरकताना दोनदा पडला आहे, कारण ज्या ताठपणाचा आधार होता, तोच गेला! डॉक्टरांच्या कागदावर 'गुण' आणि रुग्णाच्या घरात 'दुष्परिणाम'. कोण चुकले? दोघांचेही निरीक्षण खरे आहे. डॉक्टरांनी विचारले नाही आणि रुग्णाने सांगितले नाही, एवढीच चूक.

पण तिची किंमत मोठी असते. कंटाळून त्या तरुणाने कोणाला न सांगता गोळ्या एकदम बंद केल्या, तर? हे औषध हळूहळूच कमी करावे लागते. अचानक तोडले तर झटके पूर्वीपेक्षा जोराने येतात, भास होतात, कधी फेफरेही येते. "ही गोळी मनाने बंद करू नका, त्रास झाला तर मला येऊन सांगा," एवढे एक वाक्य सुरुवातीलाच बोलले गेले असते, तर हे टळले असते.

दुसरे उदाहरण पाहा. मूत्राशय आवरण्यासाठी अशा रुग्णांना ऑक्सिब्युटिनिन देतात. त्याने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होतो. तुम्ही म्हणाल, "यात काय विशेष?" तुमच्याआमच्या दृष्टीने नाहीच. पण छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर इजा असेल, तर आतडे वा मूत्राशय तुंबल्याने रक्तदाब एकाएकी भयंकर वाढू शकतो. पोटात दुखत नाही. डोके ठणकू लागते, चेहरा घामाने डबडबतो. शरीराची तक्रार अशी भलत्याच दारातून येते. म्हणून किरकोळ वाटणारा दुष्परिणामही या रुग्णांनी आवर्जून सांगायला हवा.

काही डॉक्टर म्हणतात, "सगळे सांगितले तर रुग्ण घाबरतो. ऐकलेला त्रास त्याला खरोखरच जाणवू लागतो." हा आक्षेप खोटा नाही, असे घडते, हे प्रयोगांतही दिसले आहे. शिवाय बाहेर रुग्णांची रांग असते. पण म्हणून गप्प बसायचे का? छापील यादी धडाधडा वाचून दाखवा, असे मी म्हणत नाही. चार गोष्टी पुरेत: कोणता त्रास नेहमीचा, कोणता काही दिवसांत जाईल, कोणता झाल्यास ताबडतोब यायचे आणि काय मनाने करायचे नाही. याला दोन मिनिटे लागतात. रुग्णांनीही "डॉक्टरसाहेबांना काय वाटेल?" हा संकोच सोडला पाहिजे.

आणि मित्रांनो, यात तुमचेही काम आहे. औषधाच्या वेष्टनावरचे इंग्रजी वाचणारे घरातले माणूस पुष्कळदा तुम्हीच असता. आजीसाठी, काकांसाठी एक वही घाला. औषध कधी सुरू झाले, किती घेतले, कोणता त्रास कधी झाला, किती वेळ टिकला, हे तारीखवार लिहा. आपला तर्क लिहू नका, जे दिसले तेच लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि त्यात रुग्णालाही स्वतः तक्रार कळवता येते. म्हणजे वहीतली एक ओळ पुढच्या कितीतरी रुग्णांच्या उपयोगी पडू शकते.

प्रयोगशाळेत आपण काय शिकतो? नीट पाहावे, नीट नोंदवावे आणि आवडो न आवडो, खरे ते सांगावे. दवाखान्यात तरी याहून वेगळे काय हवे असते?