कौटुंबिक चित्रपट आपल्या मुलींना काय शिकवितात?



धम्मदीक्षेनंतर आपण घरातील देव्हारे काढले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. परंतु त्याच भिंतीजवळ बसून सारे कुटुंब जो चित्रपट पाहते, त्याची तपासणी आपण कधी केली आहे काय? अश्लीलता नाही, मारामारी नाही, म्हणजे चित्रपट निर्दोष, ही समजूत घातक आहे.

‘जय संतोषी माँ’ हा १९७५ सालचा चित्रपट घ्या. सुनेने सासरचा छळ सोसावा, शुक्रवारचे व्रत करावे, म्हणजे देवी सोडवील, हा त्याचा उपदेश. प्रेक्षक पादत्राणे काढून बसत, पडद्यावर फुले-पैसे उधळीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील मुलीने यातून काय शिकावे?

त्याहून सावध राहावयाचे ते दयाबुद्धीच्या चित्रपटांपासून. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त (१९५९) अस्पृश्य कुळातील पोरकी मुलगी ब्राह्मणाच्या घरी वाढते. ती ‘मुलीसारखी’ असते, मुलगी नसते. तिच्या रक्ताने घरधनिणीचे प्राण वाचतात, तेव्हाच ती मुलगी ठरते! ‘अछूत कन्या’तील (१९३६) कस्तुरी तर आगगाडीखाली प्राण देते. हेतू चांगला होता, हे मान्य. पण आम्ही विचारतो, माणूस ठरण्यासाठी आमच्याच मुलीने रक्त अगर प्राण का द्यावेत? जन्मसिद्ध हक्काची किंमत का मोजावी?

वऱ्हाडच्या लोकांना हे सांगावे लागू नये. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. आज आपणांस त्या मंदिराची गरज उरली नाही. परंतु तेथे मागितला तो हक्क होता, कृपा नव्हे, हे विसरू नका. त्याच बाण्याचे चित्रपट आता निघू लागले आहेत. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तील (२०१३) जब्या दया मागत नाही, तो दगड उचलतो.

चित्रपट पाहू नका, असे आमचे सांगणे नाही. पाहा, पण पडदा मिटल्यावर मुलांना जवळ बसवून विचारा: यात कोणी सोसले? कोणाच्या सुखासाठी सोसले? आणि सोसणाराच्या बाजूने न्याय उभा राहिला, की चमत्कार?

जे घर हे प्रश्न विचारील, त्या घरात काढलेला देव्हारा पडद्यावाटे परत येणार नाही.