सायलेंट

परवा फलटणच्या स्टँडवर एक बाई शेजारणीला सांगत होत्या, "पोरगी चार दिस झालं, एकदम सायलेंट झालीया." तेवढ्यात त्यांची एस.टी. लागली आणि त्या चढून गेल्या. मी मात्र त्या शब्दापाशी थांबून राहिलो. पोरगी रुसली होती, घाबरली होती, की नुसतीच अभ्यासात गढली होती? शब्दावरून काही पत्ता लागेना.

या शब्दाची आणि आपली ओळख तशी जुनी. शाळेत 'नाइफ'मधला 'के' सायलेंट असायचा. मग न दुखता येणारा सायलेंट अॅटॅक कानावर आला. २०००च्या नियमांनी दवाखाना, शाळा, कोर्टाभोवतीच्या १०० मीटरचा 'सायलेन्स झोन' झाला. आता तर खिशाखिशातला फोन सायलेंटवर असतो. तिथपर्यंत तक्रार नाही. पण माणसाला हा शब्द लावला की पंचाईत होते.

आपल्याकडं न बोलण्याचे किती प्रकार! नवराबायकोत धरला जातो तो अबोला. साधक पाळतो ते मौन. मास्तर वर्गात शिरले की पोरं चिडीचूप. माउलींची पालखी फलटणचा मुक्काम हलवून बरडकडं निघाली की तळावर मागं उरतो तो शुकशुकाट. प्रत्येक शब्द सांगतो, कोण गप्प आहे आणि का.

इंग्रजीत 'सायलेन्स' हे क्रियापदही आहे. त्याचा अर्थ, दुसऱ्याला गप्प करणं. तेंडुलकरांच्या १९६७ सालच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली 'शांतता' याच जातीची. बेणारेबाईंविषयी सगळे बोलतात. बाईंनी तोंड उघडलं की तेवढी शांतता हवी असते.

नाटक पाहून मीही हळहळलो होतो. आणि सोमवारी बँकेत जाऊन तेच करत होतो.

कर्जाला जामीन राहायला बायका नवऱ्याबरोबर यायच्या. मी कागद पुढं सरकवायचो. नवरा म्हणायचा, "कर सही." ती करायची. "बाई, हे कशावर सही करताय, ठाऊक आहे ना?" असं मी विचारल्याचं आठवत नाही. मागं रांग असायची. शिवाय मौन म्हणजे संमती, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेलो.

कर्ज थकल्यावर त्यांतली एक जण नोटीस घेऊन माझ्या टेबलापाशी आली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "सायेब, तवा मला इचारलं असतं, तर मी न्हाई म्हनले असते."

त्या दिवशी गप्प बसायची पाळी माझ्यावर आली.

स्टँडवरच्या त्या बाई आता घरी पोचल्या असतील. फोन सायलेंटवर असेल तर बटण दाबून भागतं. पोरीजवळ मात्र बसावं लागतं. "का गं, काय झालं?" असं त्या घरात कुणी तरी तिला विचारलं असेल, अशी आशा आहे.