नवस फेडल्यानंतरचा बुधवार

माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेर बुधवारी मेणाच्या वस्तू विकायला मांडलेल्या असतात. हात, पाय, घर, तान्हं बाळ. ज्याला जे हवं, ते तो मेणबत्तीसोबत आत नेऊन मारियामातेला वाहतो. १९४८ पासून चालत आलेल्या या नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसं येतात, नऊ बुधवार धरतात.

मीही धरले होते. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला तेव्हा. तो बरा झाला आणि दहाव्या बुधवारी मी गेले नाही. मागायचं काही उरलं नव्हतं.

बायबलमधली हन्ना मला त्यानंतर नीट कळली. एलकानाच्या दोन बायका. पनिन्नेला मुलं होती, हन्नेची कूस रिकामी. सवतीचे टोमणे ऐकून ती जेवत नसे. शिलोच्या मंदिरात ती रडत प्रार्थना करायची; ओठ हलत, आवाज फुटत नसे. एली याजकाला वाटलं, ही दारू प्यायली आहे. तिनं शांतपणे आपलं दुःख सांगितलं, तेव्हा त्यानं आशीर्वाद दिला. मुलगा झाला तर तो देवालाच देईन, असा तिचा नवस होता. शमुवेल झाला.

गोष्ट सांगताना आपण बहुधा इथंच थांबतो. खरी हन्ना पुढं आहे. बाळाचं दूध सुटल्यावर तिनं त्याला शिलोला नेऊन देवाच्या सेवेत ठेवलं. तिचं स्तोत्र आहे ते या वेळचं, पोर हातातून सोडतानाचं. लूकच्या शुभवर्तमानातल्या मारियेच्या गीतात त्याचेच सूर आहेत. पुढं दरवर्षी हन्ना शमुवेलसाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. वर्षभरात पोर किती वाढलं असेल, हे तिला घरी बसून अंदाजानंच बेतावं लागत असणार.

नवस बोलणारे आपल्याकडे उदंड, फेडणारेही पुष्कळ. मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत, माहीमच्या दर्ग्यात, आमच्या चर्चमध्ये, सगळीकडे. पण फेडला की हिशेब मिटला, असं आपण धरतो. हन्नेनं नवस फेडला आणि तरीही ती दरवर्षी जात राहिली. माझ्या मते भक्तीची कसोटी मागताना लागतच नाही. गरज माणसाला आपसूक देवळात आणते. गरज सरल्यावर जो येतो, तो भक्त.

निवृत्त झाल्यापासून मी पुन्हा बुधवारी जाते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या मागण्याच्या चिठ्ठ्या लिहून देते. मी शाळेत शिकवलंय, अक्षर बरं आहे. कोणी रडत बसली असेल, तर एलीची चूक आठवते आणि आधी ऐकून घेते.

आभाराची चिठ्ठी लिहून घ्यायला मात्र एखादीच परत येते. मध्यंतरी एक आली. मासळी विकणारी, मुलीच्या आजारपणात चिठ्ठी लिहून नेलेली. मी कागद पुढं ओढून विचारलं, "काय मागायचंय?"

"काही नाही, बाई. पोरगी शाळेत जाते, एवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं. मग माझ्या मुलासाठी, तीस वर्षं उशिरानं, दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली.