आवाज मोठा नको, स्पष्ट हवा

इशाची नमाज आटोपून अब्बा टीव्हीसमोर बसले की आमच्या घरात रिमोटवरून कुरबूर सुरू व्हायची. माझ्या सासऱ्यांचं वय ७८. आवाज कितीही वाढवला तरी ते म्हणायचे, "हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात." वरच्या मजल्यावर तान्हं बाळ, आतल्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारा आमचा मुलगा. अब्बा आवाज वाढवायचे, मी कमी करायचे. एका रात्री त्यांनी रिमोट मुकाट्यानं माझ्या हातात दिला आणि खोलीत निघून गेले. पुढे महिनाभर ते हॉलमध्ये बसलेच नाहीत. वर्गात मुलांना रोज "नीट ऐका" म्हणणारी मी, घरातल्या माणसाचं मात्र ऐकलं नव्हतं.

आधी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयानुसार सगळ्यात आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ ही अक्षरं ओळखायला नेमके तेच आवाज लागतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. अशा वेळी नुसता आवाज वाढवला तर पार्श्वसंगीत आणि धडामधूमही तितकीच वाढते. अब्बांना श्रवणयंत्र मिळालं, फायदाही झाला. पण टीव्हीपुढची तक्रार थोडी उरलीच.

त्यातच मुलाचा होम थिएटरचा हट्ट. सुट्टीत आम्ही बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो. तो ८के आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस विचारत होता. मी एकच विचारलं, "शब्द कशात स्पष्ट ऐकू येतील?"

रिसीव्हर म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, मोबाइल यांचा आवाज एका जागी घेऊन तो वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणारं यंत्र. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. अशा ध्वनिमुद्रणात संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. रिसीव्हरवर त्या एकट्या स्पीकरचा आवाज वाढवता येतो. संगीत आहे तिथेच राहतं. आम्हाला हवं होतं ते हेच.

सुरुवातीच्या किमतीच्या रिसीव्हरमध्येही आता बऱ्याच सोयी आल्या आहेत. पहिली, ई-एआरसी. २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर ही आली. टीव्हीतल्या अ‍ॅपचा आवाज एकाच केबलमधून पूर्ण दर्जानं रिसीव्हरपर्यंत येतो, आणि आवाज बहुधा टीव्हीच्याच रिमोटनं कमी-जास्त होतो. म्हाताऱ्या माणसाला दोन रिमोट सांभाळायला लावू नयेत.

दुसरी, खोलीचं मोजमाप. सोबत छोटा माइक मिळतो. तो बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवला की प्रत्येक स्पीकरमधून ठरावीक आवाज निघतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो. रिसीव्हर हा फरक मोजून दुरुस्त करतो. मुलाला माइक सोफ्यावर हवा होता. मी तो अब्बांच्या खुर्चीवर ठेवला.

तिसरी, रात्रीचा मोड. त्यात मोठे आणि हलके आवाज जवळ आणले जातात. कुजबुज ऐकू येते आणि स्फोटानं कोणी दचकत नाही.

चौथी, ब्लूटूथ. पूर्वी ते मोबाइलवरचं गाणं रिसीव्हरवर घ्यायचं. आता काही मॉडेल हेडफोनकडे आवाज पाठवतातही. घेण्यापूर्वी मात्र विचारा: हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतात की दोन्ही चालतात?

अ‍ॅटमॉसचं काय? २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या या तंत्रात डोक्यावरूनही आवाज येतो. त्यासाठी घरी साधारण सात स्पीकर चालवणारा रिसीव्हर लागतो. आमच्या हॉलला ते झेपणार नव्हतं. ८के चित्र दाखवायला तसाच टीव्ही हवा. दोन्हींवर फुली.

आणि वॅटच्या आकड्याला भुलू नका. जुन्या टेपरेकॉर्डरवरचे हजार-हजार 'पीएमपीओ' आठवतात ना? त्या मापाला काही प्रमाणच नव्हतं. आजही एकच स्पीकर, एकाच सुरावर चालवून काढलेला मोठा आकडा खोक्यावर असतो. दोन स्पीकर एकदम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झवर किती वॅट, ते पाहा. तो आकडा लहान असतो, पण खरा असतो.

आम्ही रिसीव्हर आणि पुढचे तीनच स्पीकर घेतले. मागचे दोन पुढच्या वर्षी, दहावीचा निकाल पाहून. ही सोय श्रवणयंत्राची जागा घेत नाही, हेही सांगते. कानाची तपासणी आधी, खरेदी नंतर.

रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हा नियम २००० सालापासूनचा. पण शेजाऱ्याची झोप सांभाळायला नियम कशाला हवा?

अब्बा पुन्हा हॉलमध्ये बसू लागले. पहिल्या रात्री बातम्या ऐकून एवढंच म्हणाले, "आज पोरगी नीट बोलतेय." आठवड्यानं बाळाची आई जिन्यात भेटली. काळजीनं विचारत होती, "आजोबा गावाला गेलेत का हो? टीव्ही ऐकू येत नाही."