लोखंडे यांच्या गावातील रविवार

गिरणी कामगारांस आठवड्याची हक्काची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे 1848 साली जन्मले ते ठाण्यात. आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी मान्य केलेला तो रविवार ज्यांच्या वाट्यास आजही येत नाही, असे असंख्य नोकर त्याच ठाण्यात, टेंभी नाका-जांभळी नाक्याच्या दुकानांत आणि महामार्गालगतच्या मॉलमध्ये, रविवारीच गिऱ्हाईक अधिक म्हणून शटर पडेपर्यंत उभे असतात. टेंभी नाक्याच्या देवीचा नवरात्रोत्सव आला की त्या दिवसांत सुट्टी मागणे हाच अपराध ठरतो.

1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यान्वये बहुतेक दुकाने आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावी लागत. नोकराच्या सुट्टीस दारावरचे कुलूपच साक्षी असे. 2017 च्या महाराष्ट्र कायद्याने दुकानांस रोज उघडे राहण्याची मुभा दिली, सुट्टी आळीपाळीने द्यावी असे फर्मावले, आणि कुलपाची जागा मालकाच्याच ताब्यातील हजेरीबुकाने घेतली. दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानांस तर, त्यांनी व्यवसायाची केवळ सूचना दिली की, या कायद्याने मोकळे केले. 3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास व कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांचा करण्यास मंजुरी दिली. जुन्या बाजारपेठेतील किती दुकानांत वीस नोकर असतात, हे मंत्रिमंडळास ठाऊक नसेल असे मानता येत नाही.

भाड्याने व स्पर्धेने जेरीस आलेल्या लहान दुकानदाराची अडचण आम्ही जाणतो. पण हा व्यवसायच दरिद्री आहे असे कोणी म्हणू नये. डीमार्टची दुकाने चालविणाऱ्या कंपनीचे कार्यालय येथेच, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आहे. 2002 साली पवईत एका दुकानाने आरंभ झालेल्या या कंपनीची मार्च 2025 अखेर 415 दुकाने होती आणि त्या वर्षीचा निव्वळ नफा सुमारे 2,700 कोटी रुपये होता. त्या एका कंपनीवर ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न नोकराच्या वाट्याच्या मोजमापाचा आहे. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांनी संचालकांचा मोबदला व कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन यांचे गुणोत्तर जाहीर करावे, असे 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 197 सांगते. परंतु कंत्राटदारामार्फत आलेला नोकर कंपनीच्या पटावरच नसल्याने त्या हिशेबात येत नाही. त्याच्या बाबतीत किमान वेतन हेच कमाल होऊन बसते.

म्हणून आमचे मागणे मर्यादित आहे. सुट्टीचा पाळीतक्ता गिऱ्हाइकाच्या नजरेस पडेल असा लावावा. पगार बँकेत जमा व्हावा व त्याची पावती मिळावी. कंत्राटी नोकरांचे वेतन वार्षिक अहवालात यावे. आणि केरळने 2018 साली व तमिळनाडूने 2021 साली दुकानातील नोकरास दिलेला बसण्याचा हक्क येथील सर्वांत लहान दुकानातही पोहोचावा.

2017 च्या कायद्याने निरीक्षकाचे नाव बदलून ‘सुविधाकार’ ठेवले आहे. सुविधा कोणाची, हे त्याने आता रविवारी सायंकाळी बाजारात हिंडून ठरवावे. कायद्यात नसलेली सुट्टी मिळविण्यास लोखंडे यांना हजारो कामगारांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या. कायद्यात असलेली सुट्टी देवविण्यास एका अधिकाऱ्याची सही पुरे आहे. ती त्याने करावी.