दिवाळं काढायलाही पात्रता लागते!

अमेरिकेत लोक 'चॅप्टर ७' फाइल करतात हे आपण सिनेमात बघितलेलं असतं. आपल्याकडे पगारदार माणसाला असं काही करता येतं का? येतं. पण कसं, ते वाचून हसावं की रडावं कळत नाही.

मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी कायदा आहे १९०९ चा, बाकीच्यांसाठी १९२० चा. म्हणजे मुंबईकराने हायकोर्टात जायचं आणि पुणेकराने जिल्हा न्यायालयात. पात्रता काय? देणी फेडता येत नाहीत आणि ती निदान ५०० रुपयांची आहेत! (हो, पाचशेच. शून्य राहिलेलं नाही.) देणं त्याहून कमी असेल तर वसुलीच्या हुकुमात अटक किंवा जप्ती झालेली हवी.

एवढं मोठं दार आणि आत कुणीच नाही, कारण आत गेल्यावर मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्रासारखे दागिने तेवढे वाचतात. घर गहाण असेल तर त्यावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. पुढे कर्जातून मुक्ततेसाठी वेगळा अर्ज. सट्टा, जुगार किंवा उधळपट्टी करून दिवाळं आणलं असेल तर १९२० च्या कायद्याप्रमाणे बिनशर्त मुक्तता नाही. ऑप्शन ट्रेडिंगवाल्या मंडळींनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

म्हणूनच 'सोय केली की लोक मुद्दाम बुडवतील' हा युक्तिवाद मला पटत नाही. लबाडांना गाळायची चाळणी शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यातसुद्धा आहे की!

२०१६ मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली. तिचा तिसरा भाग तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. कोड लिहून झाला, संसदेत पास झाला, पण प्रॉडक्शनला गेलाच नाही. १ डिसेंबर २०१९ ला त्यातला एकच तुकडा सुरू झाला, तो कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. बँकांना बड्या जामीनदारांच्या मागे लागायचं होतं तिथे रिलीज निघाला. छोट्या कर्जदाराला श्वास घ्यायला जागा हवी होती तिथे अजून 'पेंडिंग'. हा प्राधान्यक्रम मला चुकीचा वाटतो.

बरं, उद्या लागू झाला तरी 'फ्रेश स्टार्ट', म्हणजे कर्जमाफीचा सोपा रस्ता, कुणाला? वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, देणं ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको. महिना पाच हजार! आणि शैक्षणिक कर्ज या माफीत बसतच नाही. बाकीच्यांसाठी परतफेडीची योजना आहे, पण रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांश धनको हो म्हणाले तरच.

माझ्या आधीच्या कंपनीतल्या एकाची नोकरी गेली तेव्हा त्याच्यावर एक पर्सनल लोन आणि तीन कार्डं होती. हप्ते भरायला त्याने ॲपवरून अजून एक लोन काढलं. मग वसुलीवाले त्याच्या बहिणीला फोन करायला लागले. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, नातेवाइकांना छळायचं नाही. पण हा नियम त्याला कुणी सांगितलाच नव्हता. तो 'जेलमध्ये जाईन' याच धसक्यात.

नुसतं कर्ज न फेडता येणं हा गुन्हा नाही. पैसे नाहीत म्हणून चेक किंवा ऑटो-डेबिट परत गेलं तर मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते. दिवाणी हुकुमात पगार जप्त झाला तरी (पोटगीचा अपवाद सोडून) पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हात लावता येत नाहीत. पीएफलाही नाही. तेव्हा हे ॲपवरचं दुसरं लोन काढायच्या आधी बँकेला लेखी पत्र द्या, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. पीएफ मोडून कार्डाचं बिल तर अजिबात भरू नका.